खांदेपालट

१८ फेब्रुवारी

आई,

पाकिटावर तुझंच नाव घातलंय. बाबांना मध्ये घालायचं नाही असं ठरवलं आहे. दोन्हीकडचे निरोप पोचवून ते बिचारे थकलेत. परवा म्हणाले, "तुझी आई बरी आहे, तू बरी आहेस, माझं मात्र टेलिफोन एक्स्चेंज झालंय." शिवाय इथे फोन लागायला पाण्याच्या टाकीपर्यंत चढून जावं लागतं आणि तिथल्या वाऱ्यात ओरडून भांडता येतं, बोलता येत नाही. म्हणून पत्र. लगेच वाचायलाच हवं असं नाही. फाडू नकोस म्हणजे झालं.

नोकरीवर रुजू झाले. पाटीवरचा माझा हुद्दा इतका लांब आहे की रंगाऱ्याची जागाच संपली. 'सार्वजनिक आरोग्य' ठसठशीत आणि 'अधिकारी' मुंगीएवढं. पुलाजवळ दवाखाना, त्याच्यामागे खालची वस्ती, मग चढावर दगडाच्या खाणी आणि खाणींच्याही वर, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे चालत गेल्यावर, वरची वस्ती. दोन्ही वस्त्यांमध्ये पाण्याच्या पाइपावरून भांडण आहे. एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नाहीत म्हणे. मला राहायला दिलेली जागा उत्तम आहे. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीत डोंगर. काळजी करू नकोस. करत नसशील, तरी लिहायची रीत म्हणून लिहिलं.

निघताना तू म्हणालीस, "माझ्या शेजारी स्टुलावर उभी राहून हृदय उघडायला शिकलीस, ती आता लोकांचे घसे बघत फिरणार?" आणि मग म्हणालीस, "एकेक जीव वाचवायचं सोडून आकडे मोजायला चाललीस." तेव्हा मी बॅग भरत होते आणि माझ्याच्याने उत्तर देववलं नाही. आता देते. तुझ्या टेबलावर येणारी ती आखडलेली, चुन्यासारखी कडक झालेली झडप कधीकाळी एक दुखरा घसा होती. शाळकरी मुलाचा घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, आणि मग आपोआप बरं वाटलं. घरचे विसरून गेले. आतली झडप विसरली नाही. तुझ्यापर्यंत पोचतात ते नशीबवान. मला बाकीच्यांना गाठायचंय, आणि जमलं तर घसा असतानाच गाठायचंय.

एवढंच म्हणायचं होतं. बाबांना सांग, त्यांनी लोणी भरून ठेवलेला डबा विसरले नाहीये, वाटेत वितळेल म्हणून मुद्दाम आणला नाही.

तुझी,
बुटकी


११ मार्च

आई,

वरच्या वस्तीत जाऊन आले. बरोबर सिस्टर होत्या. त्या इथल्या जुन्या नर्स. माझ्याआधीचे कितीतरी डॉक्टर त्यांनी येताना पाहिलेत आणि जातानाही. पहिल्याच दिवशी मला विचारलं, "बॅग पूर्ण उघडलीत की अर्धीच?" मी म्हटलं, पूर्ण.

वस्तीच्या तोंडाशीच एका बाईंचं घर आहे. सगळे त्यांना 'फौजदार' म्हणतात. त्यांचा पोलिसांशी काही संबंध नाही, वस्तीत कोण आलं, कोण गेलं, याच्यावर त्यांची नजर असते म्हणून. उंबऱ्यात बसूनच त्यांनी मला विचारलं, "सांगायला आलात की करायला?"

मला कळलं नाही. त्या म्हणाल्या, "मागे एक गाडी आली होती. मुलांच्या छातीला यंत्रं लावली. माझ्या मुलीला म्हणाले, हृदयात दोष आहे. बरं, मग? मग काय, गाडी गेली ती गेलीच. दोष तेवढा ठेवून गेली. तिचं जमलेलं लग्न मोडलं. पुढे तीही गेली. दम लागून लागून गेली. तेव्हा बाई, नुसतं सांगायचं असेल तर चहा घ्या आणि उतरा खाली."

मी चहा घेतला. सिस्टर माझ्याकडे बघतच नव्हत्या. एवढी वर्षं तुझ्यासारखीच्या हाताखाली काढली, पण रोग सांगून निघून जाणं हीसुद्धा एक इजा असते हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी म्हटलं, "औषध माझ्या पिशवीत आल्याशिवाय यंत्र तुमच्या दारात आणणार नाही."

"बघू," त्या म्हणाल्या. कप विसळायला आत गेल्या आणि परत बाहेर आल्याच नाहीत.

म्हणून गेला आठवडा मी वरिष्ठांच्या कार्यालयाच्या बाकावर काढला. तिथले भांडारप्रमुख म्हणतात, आधी किती मुलांना लागेल ते आकडे द्या, मग पेनिसिलिन देतो. मी म्हणते, आधी पेनिसिलिन द्या, मग आकडे देते. ते जेवायला गेले तरी मी बसलेलीच. ते परत आले तरी बसलेलीच. शेवटी वैतागून म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात की वसुलीवाल्या?" आणि सही केली. तुझ्याकडून उचललेला हट्ट कामी आला. हे तुझं कौतुक आहे, तसंच समज.

बुटकी


४ एप्रिल

आई,

आज जे पाहिलं ते आधी तुला सांगायचंय.

वरच्या वस्तीच्या शाळेत मुलांची तपासणी केली. एकच खोली आणि एकच मास्तर. मास्तर चांगले गुबगुबीत आहेत, शाळेच्या तीन पायऱ्या चढतानाही मध्ये थांबून हवामानावर बोलतात. त्यांनी बाकं जोडून टेबल केलं, खिडकीला चादर लावली. माझ्याकडचं सोनोग्राफीचं यंत्र पिशवीत मावतं, मोबाइलला जोडलं की पडद्यावर हृदय दिसतं.

पहिली मुलगी आडवी झाली. डोळे घट्ट मिटून, दुखणार आहे अशा तयारीने. मी म्हटलं, "उघड डोळे, बघ, हे तुझं हृदय." तिने मान वळवली. चारही कप्पे, झडपांची ती पांढरी पाकळी, मिटतेय, उघडतेय. ती बघतच राहिली. मग म्हणाली, "हे मी झोपल्यावरपण चालू असतं?"

"हो."

"मग ते चालू कोण ठेवतं?"

आई, मला विजेचा प्रवाह माहीत आहे, तो कुठून सुरू होतो तो बिंदू माहीत आहे, परीक्षेत आकृतीही काढली आहे. पण त्या अर्ध्या अंधारात ते सगळं नुसतं पुस्तकातलं वाटलं. मी म्हटलं, "आपलं आपणच." ती म्हणाली, "रोज?" मी म्हटलं, "रोज."

त्यानंतर मुलं आवरेनात. दुसऱ्याचं हृदय बघायला रांग मोडून आत घुसायला लागली. "याचं माझ्यापेक्षा जोरात पळतंय!" कुणीतरी मास्तरांचं दाखवा म्हणालं. मास्तर लाजले, पण आडवे झाले. सगळी शाळा त्यांच्या छातीवर वाकलेली. "मास्तरांनापण आहे!" असा जो काही जल्लोष झाला म्हणतेस!

आणि मग काही मुलांच्या छातीवर मी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं. कुठे पाकळीचं टोक जाड, कुठे रक्त मागे गळतंय. अपेक्षेपेक्षा जास्त मुलं. पण सुरुवातीचीच अवस्था, आई. अजून दमही लागत नाही त्यांना. महिन्याला एक इंजेक्शन, मोठे होईपर्यंत, आणि यातल्या बऱ्याचशांची झडप आहे तिथेच थांबेल. तुझ्या टेबलापर्यंत येणारच नाहीत. इंजेक्शनं माझ्या पिशवीत होती. मी एकेका मुलाच्या आईबापांना वेगळं बसवून सांगितलं आणि तिथेच पहिलं इंजेक्शन दिलं.

आणखी एक. शाळेचे गणवेश शिवणारी टेलरीण मापं घ्यायला आली होती. तोंडात टाचण्या धरून पायरीवर बसलेली. ओठ जरा जास्तच निळसर. मी म्हटलं, दम लागतो का? टाचण्या काढून हसली. "चढ आहे हो, सगळ्यांनाच लागतो. मास्तरांना विचारा." मी आवाज ऐकला. तू शिकवलेला तो घरंगळत जाणारा आवाज, दूर कुठेतरी गाडगं लवंडल्यासारखा. झडप अगदी अरुंद झालीय. आणि तिला दिवस गेलेत.

ती फौजदारबाईंची सून आहे. त्या दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "हिलापण तेच?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "तेच. पण मी इथून जात नाहीये."

बुटकी


२३ मे

आई,

विशेष काही नाही. काम चालू आहे. पेनिसिलिन दुखतं हे तुला वेगळं सांगायला नको. घट्ट, सावकाश जाणारं औषध, दिवसभर मूल लंगडतं. दुसऱ्या महिन्याला निम्मी मुलं आली. या महिन्यात त्याहून कमी. आम्ही वस्तीत दिसलो की मुलं खाणीच्या बाजूला पळून लपतात. आया म्हणतात, "दिसायला तर धडधाकट आहे हो." बरोबरच आहे. दुखत नसलेल्या गोष्टीसाठी दुखवून घ्यायचं, तेही वर्षानुवर्षं, हे मी त्यांच्या जागी असते तर मान्य केलं असतं का?

खालच्या वस्तीचे वर येत नाहीत, वरचे खाली येत नाहीत, म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा. एकदा मी दोन्हीकडच्यांना एकत्र बोलावलं. खालचा प्लंबर आला. पाइप त्यानेच तोडला असं वरचे छातीठोकपणे सांगतात. तो आल्याबरोबर अर्धी सभा उठून गेली, उरलेल्या अर्ध्यांनी त्याच्याकडे पाठ केली. मी घशाबद्दल बोलत राहिले. ऐकायला सिस्टर होत्या.

टेलरिणीला गोळ्या चालू आहेत. तिने खाली, शहरात, तुमच्यासारख्यांना दाखवायला हवं. ती म्हणते, शाळा सुरू व्हायच्या आत गणवेश संपवते आणि मग येते.

इकडे पाऊस लवकर सुरू झाला. खोलीत बादली ठेवलीय, आवाज छान येतो.

तुझ्या विभागात माझी जी जागा होती ती भरली का? सहज विचारलं.

बुटकी


१२ जुलै

आई,

मी तुझ्याच इमारतीत आहे. तळमजल्यावर, नातेवाइकांच्या बाकावर. तू दोन मजले वर राउंड घेत असशील. उठून येता येईल, पण आल्यापासून आपण दोघी फक्त दाब, नाडी आणि लघवीचं प्रमाण एवढ्यावरच बोललोय आणि तोंड उघडलं की पुन्हा तेच निघेल. त्यामुळे लिहिते. बाबा तुझ्या टेबलावर ठेवतील. हो, शेवटी त्यांना मध्ये घातलंच.

परवा सकाळी फौजदारबाई स्वतः धापा टाकत उतरून आल्या. म्हणाल्या, "ती आडवी होऊ शकत नाही. भिंतीला टेकून बसलीय आणि श्वास मोजतेय." मी वर पोचले तेव्हा टेलरीण शिलाई मशीनवर डोकं ठेवून बसली होती. छातीत बुडबुडे. सहावा महिना चालू, म्हणजे रक्त वाढलेलं, आणि ते जायला वाट नाही. इंजेक्शन दिलं, ऑक्सिजनची छोटी नळकांडी लावली, थोडी स्थिरावली. पण तिला त्या दिवशी तुझ्याकडे पोचायलाच हवं होतं आणि खाणीच्या वळणावर दरड कोसळून जीपचा रस्ता गेलेला होता. अँब्युलन्स पुलाच्या पलीकडे. मध्ये सगळा डोंगर.

मी टाकीपाशी धावले आणि बाबांना फोन लावला. बाबा म्हणाले, "थांब, देतो." मी नको म्हणायच्या आत तू आलीस. कशी आहेस नाही, काही नाही. "झडप किती उघडते? फुप्फुसात दाब किती? बाळाचे ठोके?" मी ओरडून ओरडून सांगितलं. तू म्हणालीस, "आडवी करू नकोस. बसवून आण. मी थांबते." पाच महिन्यांनी तुझा आवाज ऐकला आणि मला, काय सांगू, बरं वाटलं. भीती होतीच, तरी बरं वाटलं.

टाकीवरून परत आले तर मास्तरांनी शाळेतली हाताची खुर्ची आणली होती. तिला दोन्ही बाजूंनी लांब दांडे बांधून झाले होते. टेलरिणीला बसवलं, ओढणीने कमरेशी बांधलं. वस्तीतल्या चौघांनी खांदे दिले. चौघं थकली की दुसरी चौघं, खुर्ची खाली न टेकवता. टेकवली की झटका बसतो आणि तिचा श्वास अडकतो, हे मी एकदाच सांगितलं. परत सांगावं लागलं नाही. मास्तर म्हणाले, "मी पुढे जाऊन खाली वर्दी देतो." आणि ते मास्तर, आई, ते गुबगुबीत मास्तर, धुक्यात उतारावरून पळत सुटले.

मी खुर्चीच्या बाजूने तिची नाडी धरून चालत होते. माझं काम तेवढंच. वाट निसरडी, एका बाजूला दरी. पुढचे उतारावर दांडा हातांनी उंच धरायचे, मागचे गुडघ्यात वाकून खाली धरायचे, म्हणजे खुर्ची सपाट राहील. पाण्याने भरलेलं ताट न्यावं तशी त्यांनी ती नेली. फौजदारबाई पुढे चालत होत्या आणि एकेक पाऊल आधी स्वतः टाकून बघत होत्या.

खाणीपाशी आलो. वरच्या वस्तीची हद्द तिथे संपते. आमची माणसं पार गळून गेली होती, खांदे सोलले होते, आणि पुढचा उतार सर्वांत वाईट, दरडीच्या कडेने. मला वाटलं, आता इथे काही खरं नाही.

धुकं जरा हललं आणि मी पाहिलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना खालची वस्ती उभी होती. पुरुष, बायका, खाणीवरचे कामगार. प्रत्येकाच्या एका खांद्यावर टॉवेलची घडी. दांडा रुतू नये म्हणून. मास्तर एका दगडावर बसून श्वास गोळा करत होते. खालच्या माणसांनी वाटेवरचा एकेक धोंडा उचलून बाजूला केला होता, चिखलावर खडी अंथरली होती. सगळ्यांत पुढे प्लंबर. वरच्यांपैकी जो पुढे होता, तो सभेतून पहिला उठून गेलेला. प्लंबर त्याच्या पाठीशी आला, दांड्याखाली खांदा घातला, दोघं काही पावलं एकत्र चालले, आणि मग पहिला अलगद बाजूला झाला. खुर्ची हललीसुद्धा नाही. मग दुसरा. मग तिसरा, चौथा.

टेलरिणीने डोळे उघडले. प्लंबरकडे बघून एकेक शब्द तोडत म्हणाली, "तुमच्या... पोरीचा फ्रॉक... तयार आहे."

"आधी तू खाली पोच," तो म्हणाला. "मग फ्रॉकचं बघू."

आणि सबंध वाटभर हसू पसरलं, आई. दबकं, रडण्याच्या काठावरचं. पुढे दरडीच्या कडेने माणसांची साखळी उभी होती, डोंगराला पाठ टेकून. खुर्ची त्यांच्या हातांवरून गेली. मी मागे वळून पाहिलं तर वरच्या वस्तीची माणसं परत फिरली नव्हती. सोललेल्या खांद्यांनी तीही मागून येत होती, दमलं कुणी तर असावं म्हणून. हे मी घडवलं नव्हतं. माझ्या सभेला तर कुणी थांबलंही नव्हतं. मी नाडी धरून होते आणि मला वाटत होतं की त्या एका बोटाखाली सगळा डोंगर धडधडतोय.

बाकीचं तुला माहीत आहे. पण तू पाठमोरी होतीस, म्हणून मी काय पाहिलं ते सांगते.

नळीतून फुगा घालून झडप उघडायचा प्रयत्न झाला, फुगा आत शिरेना. तुझे ते तरुण सहकारी एकमेकांकडे बघायला लागले. छाती पूर्ण उघडून, हृदय थांबवून करायचं तर बाळ राहील की नाही याची खात्री कुणी देईना. तू म्हणालीस, "हृदय थांबवायचं नाही. जुन्या पद्धतीने करू." कुणीतरी म्हणालं, "मॅडम, ते आता कोणी करत नाही." तू म्हणालीस, "मी करते."

मी टेबलाच्या पायथ्याशी उभी होते. तू बरगड्यांमधून आत गेलीस, हृदयाच्या वरच्या कप्प्याला असतो त्या कानाशी छोटी चीर दिलीस आणि धडधडणाऱ्या हृदयात बोट घातलंस. आणि डोळे मिटलेस. एवढ्या लखलखीत दिव्यांखाली तू डोळे मिटून उभी होतीस, कुणाची तरी चाहूल घेतल्यासारखी. सगळी खोली थांबली होती, थांबलं नव्हतं ते फक्त तिचं हृदय. पलीकडच्या यंत्रावर बाळाचे ठोके, भराभर, भराभर. एका शरीरात दोन हृदयं चालू आणि त्यातल्या एकात तुझं बोट. तुझं मनगट किंचित वळलं. तू म्हणालीस, "उघडली." इतक्या हळू, की मला वाटतं तू ते आम्हाला सांगितलंच नाहीस. तिलाच सांगितलंस.

पडद्यावरचा दाब उतरायला लागला. जिना उतरावा तसा.

मी तिथून निघून गेले म्हणजे मला ते लहान वाटलं, असं तू धरून बसलीस. आई, ते मला कधीच लहान वाटलं नाही. परवा तर श्वास घ्यायचं विसरले होते. पण तुझं बोट जिथपर्यंत पोचतं, तिथपर्यंत ती पोचायला तो अख्खा डोंगर लागला. मला दोन्ही दिसलं, एकाच दिवसात. माझ्याएवढं भाग्य कुणाचं?

उद्या परत जाते. मे महिन्यात त्या जागेबद्दल विचारलं होतं, ते सहज नव्हतं. आता विचारत नाही.

बुटकी


२ ऑगस्ट

आई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. सिस्टरांना वाचून दाखवल्या, त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाची आई असूच शकत नाहीत."

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. टाके कोरडे आहेत. ती सपाट जागी न थांबता चालते. 'दरी' आणि 'दरड' दोन्ही बरोबर आहे, शुद्धलेखनाची चूक नाही. खुर्ची उचलणाऱ्यांचे खांदे मी सगळ्यांचे तपासले, मलम दिलं, एकाचा गुडघा सुजलाय, तो प्लंबरच. वरच्या वस्तीतून त्याच्याकडे दूध जातंय. पाइपाचं भांडण मिटलेलं नाही, पण आता ते समोरासमोर बसून भांडतात.

आणि शेवटची ओळ. "असे तिकडे अजून किती आहेत?" तू येतेयस असं समजू का मी? समज म्हणालीस तर समजते. चपला घालून येऊ नकोस, बूट घाल. रस्ता झालाय, पण शेवटचा चढ आहे तसाच आहे. बाबांना आणलंस तर मास्तरांबरोबर चालायला ठेवू, दोघांचा वेग जमेल.

छपराची गळती काढली. बॅगही रिकामी केली, पूर्ण.

बुटकी


७ नोव्हेंबर

आई,

तुम्ही दोघं गेल्यावर पंधरवड्याने टेलरिणीला मुलगी झाली. आपल्या दवाखान्यातच. रडली ती अशी की फौजदारबाई म्हणाल्या, "हिच्या छातीत काही दोष नाही, लिहून घ्या." मी तपासलं. काही दोष नाही. लिहून घेतलं.

पण आज लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

इंजेक्शनच्या दिवशी आता मुलं येतात. म्हणजे रडतात, चावतात, एकाने सिस्टरांचा हात धरून अर्धा तास वाटाघाटी केल्या, पण येतात. टेलरीण बाळंतपणाआधीच घरोघर गेली होती. छातीवरचा व्रण दाखवायची आणि म्हणायची, "हे पाहिजे की ती सुई, तुम्ही ठरवा." वरची आणि खालची मुलं एकाच ओट्यावर बसतात. लंगडताना एकमेकांना हसतात.

आज इंजेक्शनचा दिवस नव्हता. सकाळी दार उघडलं तर पायरीवर एक बाई. वरच्या वस्तीच्याही पलीकडे, रानाच्या कडेला दोन-चार घरं आहेत, तिथली. तिकडे मी अजून पोचलेच नव्हते. अंधारातच निघाली असणार. पाठीशी सात-आठ वर्षांची मुलगी, मफलर गुंडाळलेला. मला वाटलं, आता काय बघावं लागतंय. उचलून आत घेणार तेवढ्यात मुलगी आपल्या पायांनी आत आली.

मी विचारलं, "काय होतंय?"

बाई ओशाळली. इतक्या लांबून एवढ्याशासाठी आलो याची तिला लाज वाटत होती. म्हणाली, "काही नाही हो. ताप पण फार नाही. कालपासून नुसता घसा दुखतोय म्हणते. बायका म्हणाल्या, घसा असला तरी जा."

सिस्टर औषधाचं कपाट उघडत होत्या, त्यांचा हात तसाच राहिला. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आई, मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

मग उठले, मुलीला उजेडात घेतलं आणि म्हटलं, "आ कर." घसा लाल होता, गिळायच्या जागी पांढरे ठिपके. छाती ऐकली. स्वच्छ. दोन ठोके आणि मध्ये काही नाही, अगदी काही नाही. एक इंजेक्शन दिलं. ती रडली, आईने डोळे पुसले, आणि दोघी आल्या वाटेने परत गेल्या. मी पायरीवर उभी राहून त्या चढ चढेपर्यंत बघत राहिले.

तू तिला कधीच भेटणार नाहीस.

तुझी,
बुटकी